नियम एकतीसप्रमाणे हरकत

हे सगळं १९७८ सालचं. साल मला पक्कं आठवतं, कारण त्या वर्षी टार्लटनच्या शेतकी प्रदर्शनात भोपळ्याचं पहिलं बक्षीस कुणालाच दिलं नव्हतं. गावावर अशी नामुष्की त्याआधी एकदाच आली होती, मोठ्या वणव्याच्या वर्षी, आणि तेव्हा निदान भोपळे जळाले होते.

गोष्ट मात्र भोपळ्याची नाही, सिनेमाची आहे.

माझी शेजारीण थेल्मा ग्रब. तिची मुलगी रोवेना मेलबर्नला जाऊन सिनेमा काढायला शिकली आणि परत येऊन आमच्याच गावात, आमच्याच नदीवर तिने आपला पहिला सिनेमा काढला. नाव 'खालचा धक्का'. सफरचंदं पेट्यांत भरणारी एक मुलगी रोज होडीने नदीपलीकडे कामाला जात असते. नावाड्याचा भाऊ नदीत मेलेला सापडतो. तिला वाटतं, यानेच मारला. तरीही ती रोज त्याच्याच होडीत बसते. एवढीच गोष्ट. बाकी धुकं.

धुकं आमच्याकडे पोत्याने मिळतं, त्यामुळे ते भाड्याने आणावं लागलं नाही. माणसंही गावातलीच घेतली. माझ्या नवऱ्याने, लेसने, आपली होडी दिली आणि त्यापायी तो पाच आठवडे घरी बसून माझ्या स्वयंपाकात सुधारणा सुचवत होता. मी स्वतः सिनेमात आहे. प्रेत पाण्याबाहेर काढतात तेव्हा धक्क्यावर जमलेल्या गर्दीत, दुसऱ्या रांगेत, तपकिरी टोपीत. टोपी माझी स्वतःची.

फेब्रुवारीत सिनेमा मेलबर्नला लागला आणि तिथल्या एका मोठ्या दैनिकात ज्युलियन फॅरंट नावाच्या समीक्षकाने त्यावर लिहिलं. ते मला अजून पाठ आहे. पाठ करायची इच्छा नव्हती, झालं.

'धुकं अप्रतिम आहे. या चित्रपटात अभिनय एकटं तेच करतं. प्रेमाला थंडी वाजते, खुनाला झोप येते आणि व्हायोलिन कुणालाच आवरत नाही. प्रेत सापडण्याच्या ऐन क्षणी गर्दीतली तपकिरी टोपीवाली एक बाई भलतीकडेच बघत असते, जणू तिची बस चुकते आहे.'

त्या आठवड्यात दुकानात, चर्चमध्ये, पोस्टात जो भेटेल त्याला मी सांगितलं की मी प्रेताकडेच बघत होते. टोपीचा काठ खाली असल्यामुळे तसं वाटतं. सगळ्यांनी मान डोलावली. खाटीक म्हणाला, "हो हो, काठच तो." म्हणण्याची पद्धत मला आवडली नाही.

बाकीच्या पेपरांनी पहिल्याचंच बघून लिहिलं. एकाने 'वातावरणनिर्मिती उत्तम' असं म्हटलं होतं.

"वातावरण म्हणजे काय?" लेसने विचारलं.

"धुकं."

"म्हणजे पुन्हा धुक्यालाच!" लेस म्हणाला. "माझ्या होडीबद्दल एक अक्षर नाही."

मी माझ्या टोपीच्या दुःखात असतानाच थेल्मा मागच्या दाराने आली. ती नेहमी मागच्याच दाराने येते, पण त्या दिवशी चिखलाचे बूट न काढता आली, तेव्हाच मी ओळखलं.

"एनिड, ती खोलीतून बाहेर येत नाही गं. आज नववा दिवस. जेवण दाराशी ठेवते, ताटली रिकामी परत येते, पण बोलत नाही. सफरचंद मंडळाच्या कचेरीतली कारकुनाची जागा घेतलीय तिने. प्रदर्शन झालं की त्या सोमवारी हजर व्हायचं. कॅमेरा विकायची जाहिरातही लिहून ठेवलीय."

"कचेरीतलं काम काही वाईट नाही," मी म्हणाले.

"वाईट नाही. पण सहा वर्षांची असल्यापासून ती पोर बोटांची चौकट करून माझ्याकडे बघायची. मी भांडी घासत असायची आणि ही चौकटीतून बघत असायची. आता मी समोर गेले की भिंतीकडे बघते." थेल्माने माझा चहाचा टॉवेल घेऊन डोळे पुसले आणि मग सवयीने कपही पुसून ठेवला. "तू काहीतरी कर. तुला निवाड्यातलं कळतं."

हे मात्र खरं होतं. मी तेव्हा बावीस वर्षं स्पंज केकची परीक्षक होते. आपल्या गावात परीक्षण करता येत नाही, म्हणून आजूबाजूच्या सात गावांत मी जायची. सात गावांत मला मान होता आणि मैत्रीण एकही नव्हती.

तोवर गावाचे सल्ले सुरू झाले होते. पाद्रीबाईंनी मधाचा काढा सुचवला. पोस्टमास्तर म्हणाले, संपादकाला पत्र लिहा. आणि त्यांनी स्वतःच एक लिहिलं, ज्यात सिनेमाबद्दल दोन ओळी आणि मेलबर्नहून उशिरा येणाऱ्या टपालाबद्दल तीन पानं होती. लेस म्हणाला, "मी जाऊन त्याला समोरासमोर विचारतो." लेस आयुष्यात एकदाच मेलबर्नला गेला होता आणि तेव्हाही समोरासमोर कुणाला काही न विचारल्यामुळे दोन तास हरवला होता.

मी मात्र केक फेटता फेटता विचार करत होते आणि माझ्या लक्षात आलं की हा प्रश्न आमच्याकडे केव्हाच सुटलेला आहे. प्रदर्शनाच्या नियमावलीत नियम एकतीस: ज्याला निवाडा मान्य नाही त्याने लेखी हरकत घ्यावी, आणि मग त्याच परीक्षकाने पुन्हा येऊन, मांडणाऱ्याच्या समोर उभं राहून, तीच वस्तू पुन्हा तपासावी. निवाडा बदलावा असं नियम म्हणत नाही. पुन्हा बघावं, एवढंच म्हणतो. १९६३ साली माझ्याविरुद्धही हरकत आली होती. मी परत गेले, तो केक परत खाल्ला, आणि त्या बाईच्या डोळ्यांत बघून सांगितलं की अंडी शिळी आहेत. ती रडली, पण पुढच्या वर्षी तिने कोंबड्या पाळल्या.

नियमावलीचे धनी होते सेसिल मॅकॉर्ड, प्रदर्शनाचे चिटणीस. या गृहस्थांनी एकदा स्वतःच्या भावाचा बैल बाद केला होता, कारण अर्जावर सही निळ्या शाईत होती.

"मिसेस पिअरमन," त्यांनी चष्मा पुसत सांगितलं, "हरकत प्रदर्शनात मांडलेल्या वस्तूवरच घेता येते. सिनेमा मांडलेला नाही."

"मग मांडू."

"कोणत्या विभागात?"

आम्ही दोघांनी मिळून यादी चाळली. जनावरं नाही, धान्य नाही, मुरंबे नाही. शेवटी विभाग ८७ सापडला: 'हस्तकला, इतर कोणतीही वस्तू, मांडणाऱ्याने स्वतः केलेली.'

"स्वतः केलाय का?" सेसिलनी विचारलं.

"गावाने मदत केली."

"गोधडीला चालते मदत," ते पुटपुटले आणि त्यांनी नोंद केली. मग कपाटातून हरकतीचा छापील अर्ज काढला. अडचण अशी की तो मेंढ्यांसाठी छापलेला होता. आजवर बहुतेक हरकती मेंढ्यांवरच आल्या होत्या.

"यातले नको ते रकाने खोडूया," मी म्हणाले.

"रकाना खोडला की अर्ज बाद."

तेव्हा मी भरत गेले. जात: रंगीत. वय: चौदा महिने. वजन: डब्यांसह अकरा किलो. कातरली आहे का: होय, मेलबर्नच्या वितरकाने अकरा मिनिटं कातरली. शेवटचा रकाना होता, 'पूर्वी कोणता आजार?' तो मांडणाऱ्याने स्वतः भरायचा होता. मी थेल्माकडे गेले आणि रोवेनाच्या बंद दाराखालून अर्ज आत सरकवला.

"रो, सही कर."

आत पलंग करकरला. मग कागदाची सळसळ. मग अर्ज परत बाहेर. सही होती, काळ्या शाईत. आणि आजाराच्या रकान्यात लिहिलं होतं, 'महत्त्वाकांक्षा. आता बरी आहे.'

थेल्मा ते वाचून जिन्यावरच बसली. मला मात्र जरा हुरूप आला. आजाऱ्याला चेष्टा सुचली की डॉक्टरही उशाशी बसणं सोडतात.

सेसिलनी फॅरंटना पत्र पाठवलं. त्याची कार्बनप्रत माझ्याकडे आहे. 'आपण दिनांक अमुक रोजी दिलेल्या निवाड्याविरुद्ध हरकत दाखल झाली आहे. फेरतपासणीसाठी मार्चच्या तिसऱ्या शनिवारी सकाळी अकरा वाजता कोंबड्यांच्या मंडपात हजर राहावे. जेवणाची सोय आहे. पांढरा कोट स्वतःचा असल्यास आणावा.'

"अगं, तो कशाला येतोय?" थेल्मा म्हणाली. "मेंढरांच्या कागदावर!"

"परीक्षक असेल तर येईल," मी म्हणाले. बोलले ठामपणे, पण पोस्टमन दिसला की मी फाटकाशी झाडू घेऊन उभी असायची. त्या दिवसांत आमचा रस्ता जितका स्वच्छ होता तितका पुन्हा कधी झाला नाही.

दहाव्या दिवशी उत्तर आलं. चार शब्द. 'येतो. कोट नाही. फॅरंट.'

मग माझी तारांबळ. मंडपात अंधार हवा, म्हणून खिडक्यांना सफरचंदांची पोती लावायची परवानगी काढली. ती अग्निशमन अधिकाऱ्याने नाकारली, कारण पोती पेटतात. ओली पोती लावतो म्हटलं, तर आरोग्य अधिकाऱ्याने कोंबड्यांना दमट हवा बाधेल म्हणून नाकारली. शेवटी अर्धी ओली आणि अर्धी कोरडी असा तोडगा निघाला, तो दोघांनाही मान्य झाला आणि कुणाच्याच उपयोगाचा नव्हता. शाळेचा प्रोजेक्टर मिळाला, पण 'शैक्षणिक कामासाठीच' या अटीवर. मी लिहून दिलं की शिक्षण होणार आहे, फक्त कुणाचं ते अजून ठरलेलं नाही.

सिनेमाचे पाच डबे विभाग ८७च्या टेबलावर मांडले. एका बाजूला विणलेली किटलीची टोपी, दुसऱ्या बाजूला काड्यांचं चर्च. दिवसभर लोक डब्याचं झाकण उचलून बघत आणि आत बिस्किटं नाहीत म्हणून नाराज होऊन पुढे जात.

शनिवारी सकाळच्या बसने फॅरंट उतरले. मी राक्षसाची तयारी केली होती आणि उतरला एक सर्दी झालेला, सडपातळ, पन्नाशीचा माणूस, ज्याला आमच्या घाटातली वळणं सोसली नव्हती. माझी तपकिरी टोपी मी मुद्दाम घातली होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाई, इथे कुठे जरा पाणी मिळेल?"

मोठ्या अपमानाची मी पूर्ण तयारी केली होती. त्यांनी मला ओळखूच नये, याची नव्हती.

सेसिलनी त्यांना पांढरा कोट घातला, जो एका गुरांच्या डॉक्टरचा असल्यामुळे गुडघ्याखाली पोचत होता. प्रत्येक परीक्षकाला एक मदतनीस असतो. तो सुरी पुसतो, परीक्षक सांगेल ते कार्डावर लिहितो, आणि नियम नऊप्रमाणे तोंड उघडत नाही. मदतनीस मी होते. मी हा नियम कधीच मोडला नव्हता. मोडावासा इतका कधी वाटलाही नव्हता.

मंडप भरला. रोवेना आली नव्हती. दिवा मालवला, आणि प्रोजेक्टरचा झोत पडताच एकोणचाळीस कोंबड्यांना वाटलं, उजाडलं. पहिली पाच मिनिटं आरवण्यातच गेली. मग त्यांचीही समजूत पटली. पुढे प्रेत सापडतं तेव्हा एक म्हातारा लेगहॉर्न कोंबडा तेवढा पुन्हा ओरडला आणि दोन बायका दचकून किंचाळल्या, तेव्हा मला वाटतं पहिल्यांदाच कुणी त्या खुनाला घाबरलं. बाहेर सॉसेज भाजत होते. नदीवरच्या प्रवेशात त्यांचा धूर पोत्यांच्या फटीतून आत आला.

"वातावरण," लेस मागून खोकत म्हणाला.

मी फॅरंटकडे बघत होते. मधल्या भागात, ती मुलगी पेट्यांच्या कोठारात रडते आणि व्हायोलिन थांबत नाही, तिथे त्यांनी खिशातला रुमाल काढला, पण नाकासाठी. शेवटच्या प्रवेशात मात्र ते पुढे वाकले. तिथे ती मुलगी होडीत बसते. धुक्यात दोघंच. आता ती विचारणार, तू भावाला मारलंस का, असं वाटतं. ती विचारते, "आज जेवलास का?" तो वल्ही थांबवतो. होडी वाहत जाते. संपलं.

दिवा लागला. दाराशी रोवेना उभी होती. कधी आली कुणास ठाऊक. आईचा स्वयंपाकघरातला कोट, पायात शूटिंगपासून तिच्याकडेच राहिलेले लेसचे बूट. थेल्मा उठायला लागली, तिला मी डोळ्यांनीच बसवलं.

"निवाडा," सेसिल म्हणाले.

फॅरंटनी रुमाल खिशात घातला. मग माझ्याकडे वळले. "तुम्हाला कसा वाटला?"

"मदतनीसाला बोलता येत नाही," सेसिलनी सांगितलं. "नियम नऊ."

"बोल ना, एनिड मावशी," दारातून आवाज आला. तेवीस दिवसांत रोवेनाचा पहिला आवाज. "गाव मला म्हणतं छान झाला. पेपर म्हणतात टाकाऊ. तू केक परत पाठवतेस तेव्हा का पाठवला ते सांगतेस. मला कुणीच सांगितलं नाही."

मी सेसिलकडे पाहिलं. सेसिलनी नियमावली उघडली, वाचली, मिटली आणि ते पोत्यांकडे बघायला लागले. माझ्या माहितीत त्यांनी मोडलेला तो एकमेव नियम.

थेल्मा माझ्याकडे हात जोडल्यासारखी बघत होती. खोटं बोल, असं ते हात म्हणत होते. आणि मला बावीस वर्षांत खोटं बक्षीस देता आलं नव्हतं.

"मधला भाग कच्चा आहे, रो," मी म्हणाले. "ती रडते ते पुरे होतं. तुला भीती वाटली की आम्हाला कळणार नाही, म्हणून वर व्हायोलिन ओतलंस. साखर जास्त झाली की पीठ नीट फुगलं नाही असं समजावं. पण शेवटची फेरी... मी एकतीस वर्षं एका माणसाबरोबर काढलीत. जे विचारायचं असतं ते सोडून जेवलास का हेच विचारलंय मी. ती फेरी मी कुठेही पहिली काढली असती."

लेस छताकडे बघत होता. मग फॅरंट हळूच म्हणाले, "ती फेरी मला त्या वेळी दिसलीच नव्हती."

"तुम्ही उठून गेला होतात?" मी विचारलं. एकदा तोंड उघडलं होतंच.

"नाही. होतो. पण त्या दिवसातला तो चौथा सिनेमा होता माझा."

"मध्ये पाणी प्यायलात?"

"काय?"

"चार केक लागोपाठ चाखले तर चौथ्याची चव लागत नाही. मध्ये पाणी प्यायचं, सफरचंदाची फोड खायची, दोन मिनिटं बाहेर बघायचं. हे तुम्हाला कुणी शिकवलं नाही?"

"नाही," तो माणूस म्हणाला, आणि त्याची मला एकदम दया आली. एवढ्या मोठ्या शहरात, इतकी वर्षं, त्याला फोड द्यायलाही कुणी नव्हतं.

मग त्यांनी कार्ड सांगितलं आणि मी लिहिलं. 'पहिलं बक्षीस नाही. दुसरं: आर. ग्रब. मधला भाग कच्चा, गोड जास्त. शेवट पुन्हा मागून खावा असा. परीक्षकाने पहिल्या वेळी नीट चाखलं नव्हतं.' खाली सही, काळ्या शाईत.

बाहेरगावच्या माणसाला वाटेल, दुसरं म्हणजे काय मोठंसं. पण पहिलं न देता दिलेलं दुसरं म्हणजे काय, ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. त्याचा अर्थ, तुझ्यापुढे अजून कुणी गेलेलं नाही, तूही नाही. भोपळ्यालासुद्धा त्या वर्षी तेच मिळालं होतं.

रोवेना टेबलाशी आली. तिने कार्ड दोनदा वाचलं. "व्हायोलिन काढलं असतं तर कोठारातल्या पेट्यांचा आवाज राहिला असता नुसता," ती फॅरंटना म्हणाली.

"मग राहू द्यायचा होता."

"तुम्हाला काय जातंय म्हणायला! त्या आवाजात एक कुत्रा भुंकतोय."

"मग कुत्रा राहू द्या!"

"तुम्ही सिनेमा काढलाय कधी?"

"तुम्ही चार बघितलेत एका दिवसात?"

जेवणाची वेळ टळेपर्यंत दोघं भांडत होते, सॉसेजच्या धुरात, तो गुरांच्या डॉक्टरचा कोट घालून आणि ती लेसचे बूट आपटत. थेल्मा माझ्या दंडाला धरून रडत होती. "ओरडतेय, एनिड. ऐक, ओरडतेय."

त्या सोमवारी सफरचंद मंडळाच्या कचेरीत ती खुर्ची रिकामी राहिली.

फॅरंटनी पुढच्या आठवड्यात पेपरात पुन्हा लिहिलं. मत फारसं बदललं नव्हतं, पण शेवटच्या फेरीवर पूर्ण परिच्छेद होता. 'वल्ह्यांची होडी सुंदर' असंही एक वाक्य होतं. लेसने ते कापून पाकिटात ठेवलं, आणि तो गेला तेव्हा ते पाकिटातच होतं. टोपीबद्दल मात्र त्यांनी एक अक्षरही मागे घेतलं नाही.

त्यानंतर अकरा वर्षं फॅरंट दर मार्चमध्ये फळांच्या केकचे परीक्षक म्हणून आले. निर्दय परीक्षक, पण मध्ये सफरचंदाची फोड खायचे. सेसिल मॅकॉर्ड १९८६ साली वारले. नियम एकतीसमध्ये त्यांनी आधीच सुधारणा करून ठेवली होती: 'चलच्चित्रे वगळून'. थेल्मा ब्याण्णव वर्षं जगली आणि शेवटी शेवटी तिच्या खिडकीशी रोवेना बसून बोटांची चौकट करायची, तेव्हा म्हातारी केस नीट करायची. रोवेनाने पुढे चार सिनेमे काढले. एकातही व्हायोलिन नाही. दुसऱ्यात कुत्रा आहे.

मागच्या वर्षी होबार्टला 'खालचा धक्का' पुन्हा दाखवला. मी रोवेनाच्या शेजारी बसले होते. प्रेत आलं, गर्दी आली, टोपी आली. शहाण्णवाव्या वर्षी माणसाने किती दिवस खोटं वागवायचं? मी अंधारात तिला म्हटलं, "रो, मी बसच बघत होते. चार दहाची. लेसचं जेवण व्हायचं होतं."

"माहीत आहे, मावशी. पहिल्याच दिवशी दिसलं मला."

"मग कापलं का नाहीस? अकरा मिनिटं गेली, त्यात माझी चार सेकंद गेली असती."

"बाकी सगळे मी सांगितलं तिकडे बघत होते," ती म्हणाली. "त्या सबंध धक्क्यावर खरोखर कशाची तरी वाट बघणारं माणूस एकच होतं."

चार दहाची बस १९८४ साली बंद झाली. पडद्यावर मी अजून तिच्यासाठी मान वळवून उभी आहे, आणि आता त्याला माझी काही हरकत नाही.